शेवटच्या तारखेचा लोंढा

महाराष्ट्रातली मोठी डेटा सेंटरे ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात आणि पुण्यात आहेत. भंडाऱ्याहून तिकडे जायचे तर वरठीला विदर्भ एक्स्प्रेस पकडायची आणि रात्रभर प्रवास करायचा. तरीही त्या इमारतींत एखाद्या दुपारी काही अडले, तर साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या सेवा केंद्रावर बसलेल्या ऑपरेटरला ते तिथल्या अभियंत्याइतकेच लवकर कळते. कधी आधीही कळते. समोर सातबारा, आधार कार्ड, पासबुक घेऊन माणसे उभी असतात, पडद्यावरचे चक्र फिरत राहते, आणि ऑपरेटर मान वर करून सांगतो, सर्व्हर डाऊन आहे. कोणता सर्व्हर, कुठला, कशामुळे, हे कुणी विचारत नाही. विचारून काही हाती लागत नाही हे सगळ्यांना माहीत झालेले असते.

पुढची पाने तो प्रश्न विचारणाऱ्यांसाठी आहेत. संगणक शाखेत शिकणारी भंडारा, तुमसर, साकोलीकडची मुले नजरेसमोर ठेवून ही टिपणे लिहिली गेली. यातली बरीच मुले पुढे पुण्या-बंगळुरूला जाऊन अशाच यंत्रणा सांभाळतात, पण ज्या गर्दीमुळे यंत्रणा कोसळते ती गर्दी त्यांनी लहानपणापासून आतून पाहिलेली असते. ही जमेची बाजू आहे, आणि पुस्तकात तिचा जागोजाग उपयोग केला आहे.

विषय थोडक्यात असा. एखाद्या संकेतस्थळावर लोक वाढू लागले की त्यामागच्या सर्व्हरवर ताण येतो. हा ताण मोजणारी एक व्यवस्था असते. मोजलेला आकडा ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की अलर्ट उठतो. पूर्वी हा अलर्ट माणसाला जागे करण्यासाठी असे. नाजिओससारखी साधने १९९९पासून हेच करत आली: रात्री तीन वाजता फोन वाजायचा, अभियंता डोळे चोळत उठायचा, लॅपटॉप उघडायचा आणि काय करायचे ते करायचा. ऑटोस्केलिंगमध्ये तोच अलर्ट माणसाकडे न जाता थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे जातो, आणि तो प्रोग्राम कुणाला न विचारता आणखी सर्व्हर उभे करतो. गर्दी ओसरली की काढूनही टाकतो.

हे शक्य झाले ते सर्व्हर भाड्याने, तासाच्या हिशेबाने मिळू लागल्यावर. अॅमेझॉनने २००६मध्ये अशी सेवा सुरू केली आणि १८ मे २००९ रोजी तीन गोष्टी एकाच वेळी बाजारात आणल्या: ताण मोजणारे क्लाउडवॉच, आलेली कामे अनेक सर्व्हरांत वाटून देणारा लोड बॅलन्सर, आणि ऑटो स्केलिंग. तिन्ही एकत्र आल्या यात योगायोग नव्हता. मोजमाप नसेल तर वाढवायचे कधी ते कळत नाही, आणि वाटप नसेल तर वाढवलेला सर्व्हर रिकामा बसून राहतो. पुढे ओपनस्टॅकने हेच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणले. त्यात सुरुवातीला सिलोमीटर नावाचा भाग मोजमाप करून अलार्म उठवत असे, अलार्म एका ठरलेल्या पत्त्यावर निरोप पाठवी, आणि हीट नावाचा भाग तो निरोप मिळताच नवे यंत्र उभे करी. स्वतःचे डेटा सेंटर असलेल्या संस्थांनाही त्यामुळे ही सोय करता आली. मग २०१४मध्ये गूगलने सर्व्हरांवरचे प्रोग्राम सांभाळणारे कुबरनेटीस खुले केले आणि आज या क्षेत्रात शिरणारा विद्यार्थी बहुधा त्याच दारातून आत येतो.

कुबरनेटीसचे गणित त्रैराशिकाचे आहे, आणि ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भीती वाटणार नाही. समजा एका कामासाठी चार पॉड, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या चार चालत्या प्रती, चालू आहेत. प्रत्येकाने साठ टक्क्यांच्या आसपास राबावे असे आपण ठरवले आहे, आणि प्रत्यक्षात ते नव्वद टक्क्यांवर राबताहेत. चारला नव्वदने गुणा, साठने भागा: सहा. मग यंत्रणा आणखी दोन पॉड सुरू करते. उत्तर अपूर्णांकात आले तर वरच्या पूर्णांकाला धरते. हा हिशेब ती दर पंधरा सेकंदांनी करते. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर काही करत नाही, आणि कमी करायची वेळ आली तर मागच्या पाच मिनिटांतला सर्वांत मोठा आकडा धरून बसते, कारण गर्दी क्षणभर हटून पुन्हा येते हे तिच्या कर्त्यांना ठाऊक होते. सातवीतल्या मुलाला हे गणित येते. अवघड भाग गणिताच्या बाहेर आहे.

पहिली अडचण वेळेची. ताण वाढल्याचे मोजमाप होऊन ते जमा व्हायला काही सेकंद ते काही मिनिटे लागतात. अॅमेझॉनच्या साध्या देखरेखीत आकडे पाच-पाच मिनिटांनी येतात, जास्त पैसे मोजले तर मिनिटाने. एखादाच आकडा उसळला म्हणून धावाधाव होऊ नये यासाठी मर्यादा काही वेळ सलग ओलांडलेली असावी अशी अट घातलेली असते, तो वेळ वेगळा. मग नवे यंत्र सुरू व्हायचे, त्यावर प्रोग्राम चढायचा, लोड बॅलन्सरने तो जिवंत आहे की नाही हे तपासायचे, आणि तरीही पहिली काही मिनिटे तो संथच चालणार, कारण वारंवार लागणारी माहिती त्याच्या स्मृतीत अजून साठलेली नसते. ही सगळी मिनिटे जोडा. लोंढा जर तेवढ्या वेळात येऊन आदळत असेल, तर मदत पोचेपर्यंत जुने सर्व्हर आडवे झालेले असतात.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण क्रिकेटचे आहे. १० जुलै २०१९, मँचेस्टर, विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत आणि न्यूझीलंड. पावसामुळे आदल्या दिवशी थांबलेला खेळ राखीव दिवशी पुढे सुरू झाला आणि धोनी खेळपट्टीवर असताना हॉटस्टारवर एकाच वेळी सामना पाहणाऱ्यांची संख्या २ कोटी ५३ लाखांवर गेली. जगात तोवर कुणी एवढ्या लोकांना एकाच वेळी थेट प्रक्षेपण दाखवले नव्हते. मुख्यालय मुंबईत असलेल्या या कंपनीच्या अभियंत्यांनी नंतर जाहीर भाषणांत सांगितलेला तपशील आमच्या विषयासाठी सोन्यासारखा आहे. त्यांच्याकडे प्रेक्षक मिनिटाला दहा लाखांच्या वेगाने वाढत. नवे यंत्र उभे राहून कामाला लागायला मिनिट-दीड मिनिट जाई, म्हणजे तेवढ्यात दहा-पंधरा लाख माणसे दारात येऊन उभी. म्हणून त्यांनी तयार मिळणारे ऑटोस्केलिंग बाजूला ठेवले. सीपीयू किती तापला हे न पाहता प्रेक्षक किती आले आणि विनंत्या किती येताहेत हे पाहायचे, अमुक लाख प्रेक्षकांना अमुक इतकी यंत्रे अशी शिडी आधीच लिहून ठेवायची, आणि नेहमी गरजेपेक्षा पुढच्या पायरीवर उभे राहायचे, अशी त्यांची रीत होती.

आणि धोनी धावबाद झाला. गप्टिलचा तो थेट फेकलेला चेंडू आठवला की अजून पोटात कालवते, पण सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या पोटात त्या क्षणी वेगळ्याच कारणाने गोळा आला असेल. कोट्यवधी लोकांनी एकदम मागे जाण्याचे बटण दाबले. व्हिडिओचा भार भरकन उतरला. पण मागे गेलेला प्रत्येक जण ॲपच्या मुख्य पानावर पोचला, आणि मुख्य पान प्रत्येकासाठी वेगळे बनवावे लागते. आता भार त्या सेवांवर आला. प्रेक्षक कमी झाले म्हणून सगळीकडची यंत्रे काढून टाकणारा एखादा भोळा ऑटोस्केलर तिथे असता, तर भारत हरल्याच्या दुःखात ॲपही गेले असते. नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकाच वेळी पाहणाऱ्यांचा आकडा ५ कोटी ९० लाखांपर्यंत गेला. तो सामनाही आपण हरलो, हे जाता जाता.

वैनगंगेच्या काठच्या वाचकाला इशारा आणि अवधी यांचे नाते पुस्तकातून शिकायची गरज नाही. नदीच्या दोन पातळ्या ठरलेल्या असतात, इशारा पातळी आणि धोका पातळी, आणि त्या वेगळ्या ठेवण्यामागे हेतूच हा की दोहोंच्या मध्ये माणसाला हालचाल करायला वेळ मिळावा. पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात कोणते किती उघडायचे हे येणारे पाणी पाहून, पुढचा अंदाज घेऊन ठरते. धरण काठोकाठ भरल्यावर दरवाज्यांकडे धावायचे नसते. २९ ते ३१ ऑगस्ट २०२०च्या पुरात भंडारा शहर आणि काठची गावे पाण्याखाली गेली. तेव्हा वर मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात संजय सरोवरातून पाणी सोडले गेले होते. ते इथवर यायला कित्येक तास लागतात, म्हणजे अवधी होता. दोन राज्यांच्या यंत्रणांमध्ये वेळेवर समन्वय झाला नाही अशी टीका त्या वेळी झाली. मोजमाप होते आणि पातळ्याही ठरलेल्या होत्या. निरोप योग्य जागी, योग्य वेळी, कृतीत उतरेल अशा रूपात पोचणे, हे वेगळेच काम आहे. आणि आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा सांडवा पाहा. त्याला कुणी फोन करावा लागत नाही. पाणी ठरावीक उंचीवर आले की जास्तीचे आपोआप बाहेर पडते आणि पाळ वाचते. संगणकाच्या जगात या सांडव्याला लोड शेडिंग म्हणतात: पेलणार नाही इतकी कामे आली की उरलेल्यांना लगेच, सभ्यपणे, थोड्या वेळाने या असे सांगायचे, आणि आत घेतलेल्यांची कामे पुरी करायची. आपल्याकडच्या यंत्रणांत दरवाजे वाढवण्याचा विचार फार होतो, सांडव्याचा फार कमी. पुस्तकातले पाचवे प्रकरण यावर आहे आणि माझ्या मते ते सर्वांत उपयोगाचे आहे.

आता मुद्द्यावर येतो. हॉटस्टारला धोनी कधी बाद होईल हे माहीत नव्हते. सरकारी संकेतस्थळाला मात्र गर्दी कधी येणार हे माहीत असते, कारण ती तारीख त्याच खात्याने छापलेली असते. १६ जुलै २०२१ घ्या. करोनामुळे परीक्षा झाल्या नव्हत्या, अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल लागणार होता, वेळ दुपारी एकची जाहीर झाली होती. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी. एक वाजला आणि निकालाची संकेतस्थळे कोलमडली, ती कित्येक तास धड उघडली नाहीत. सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. लोंढा अनपेक्षित होता असे कुणी म्हणू शकेल का? किती मुले, कोणता दिवस, कोणते मिनिट, तिन्ही आधीच ठाऊक होते. प्रत्येक मुलामागे आईवडील, मामा, शिकवणीवाले आणि शाळा धरा, तरी हिशेब कागदावर मांडता येतो. त्याच वर्षी २८ एप्रिलला कोविन या संकेतस्थळावर १८ वर्षांवरील सर्वांची लसीकरणाची नोंदणी दुपारी चार वाजता खुली झाली. सुरुवातीला तेही अडखळले, पण सावरले, आणि त्या दिवसाअखेर एक कोटीहून अधिक नोंदण्या झालेल्या होत्या.

भंडारा जिल्ह्याचा लोंढा या दोहोंपेक्षा लहान असतो, पण त्याच जातीचा. हा धानाचा जिल्हा. आधारभूत किमतीने धान विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी. नोंदणीला शेवटची तारीख असते, आणि शेवटच्या तारखेआधीच्या दोन-तीन दिवसांत गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर चारही जिल्ह्यांचे शेतकरी एकाच दाराशी येतात. आधी का आले नाहीत, असे शहरातला माणूस विचारतो. आधी कापणी चालू असते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागायची असते, मजूर मिळालेले असतात ते सोडून केंद्रावर जाऊन बसता येत नाही. गर्दीला कारणे असतात, आणि ती दरवर्षी तीच असतात. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा झाला तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदतवाढ हेच आपल्याकडचे सर्वांत जुने ऑटोस्केलिंग आहे, असे एकदा मी चिडून म्हटले होते. शांतपणे विचार केला तर त्यात तथ्य आहे: सर्व्हर वाढवता आले नाहीत म्हणून वेळ वाढवला. फक्त तो निर्णय मंत्रालयातून यायला सेकंद लागत नाहीत, दिवस लागतात, आणि तोवर मोहाडीचा माणूस तीन फेऱ्या मारून गेलेला असतो.

तेव्हा या पुस्तकाचा आग्रह असा आहे की जिथे दिनदर्शिका हाताशी आहे, तिथे अलर्टची वाट पाहत बसू नये. अलर्टवर चालणारे स्केलिंग अनपेक्षितासाठी राखून ठेवावे. अपेक्षित गर्दीसाठी यंत्रे आदल्या रात्रीच उभी असावीत. त्यासाठी वेळापत्रकाने चालणारे स्केलिंग कधीचे उपलब्ध आहे, आणि त्यात बुद्धिमत्तेचा काही भाग नाही, फक्त कुणीतरी शासन निर्णय वाचून तारीख भरावी लागते. ज्याने मुदत ठरवली त्या अधिकाऱ्याने सर्व्हर सांभाळणाऱ्याला एक निरोप धाडला तरी अर्धे काम होते. हे वाचून तंत्रज्ञ हसतील. त्यांनी आपापल्या कार्यालयात विचारून पाहावे, असा निरोप शेवटचा कधी आला होता.

दुसरी अडचण, आणि इथे पुस्तक बरेच रेंगाळते, ती चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची. ४ जानेवारी २०२१, सोमवार, नाताळच्या सुट्टीनंतरचा कामाचा पहिला दिवस. स्लॅक ही कार्यालयीन निरोपांची सेवा सकाळी घसरू लागली. मूळ कारण यंत्रांना जोडणाऱ्या जाळ्यात होते. ते अॅमेझॉनच्या बाजूला भरून गेले होते. सर्व्हर उत्तराची वाट पाहत ताटकळले. ताटकळणारा सर्व्हर राबत नसतो, म्हणून सीपीयूचा आकडा खाली आला. ऑटोस्केलरने तो आकडा पाहिला, काम कमी झाले असे समजून सर्व्हर काढायला सुरुवात केली. लोक येत होते आणि सर्व्हर कमी होत होते. पुढे अडकलेल्या कामांची संख्या पाहणाऱ्या दुसऱ्या नियमाने उलट हाक दिली, आणि चौदा मिनिटांत १,२०० नवे सर्व्हर उभे करण्याचा प्रयत्न झाला. ते उभे करणारी सेवा इतक्या मागण्यांखाली स्वतःच दबली. प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर होता, प्रत्येकाने सांगितलेले काम केले. सीपीयू कमी म्हणजे गर्दी कमी, हे गृहीतक कुणीतरी कधीतरी एका ओळीत लिहून ठेवले होते, इतकेच.

रेडिटचे ११ ऑगस्ट २०१६चे प्रकरण त्याहून साधे. अभियंते एक महत्त्वाची यंत्रणा नव्या जागी हलवत होते, म्हणून त्यांनी ऑटोस्केलर मुद्दाम बंद केला. सॉफ्टवेअर नीट चालू आहे ना हे पाहणाऱ्या दुसऱ्या व्यवस्थेला तो बंद दिसला. तिने कर्तव्यबुद्धीने तो सुरू केला. त्याने अर्धवट हललेली माहिती वाचली आणि त्या हिशेबाने चांगले चालणारे सर्व्हर बंद केले. अॅमेझॉनचा ७ डिसेंबर २०२१चा मोठा बिघाडही असाच सुरू झाला: एका सेवेची क्षमता आपोआप वाढवण्याच्या कामातून आतल्या जाळ्यात अनपेक्षित गर्दी उसळली, जाळे तुंबले, आणि देखरेखीचे आकडेही त्याच जाळ्यातून येत असल्याने काय चालले आहे हे पाहणाऱ्यांनाच दिसेना. ही तिन्ही प्रकरणे त्या त्या कंपन्यांनी स्वतः लिहून जाहीर केली आहेत. आपल्याकडे निकालाचे संकेतस्थळ पडले की दिलगिरी येते, कधी चौकशीची घोषणा येते. नेमके काय तुटले याचा असा मोकळा वृत्तान्त मात्र लोकांसमोर क्वचितच ठेवला जातो. विद्यार्थ्यांनी शिकायचे कुठून? परदेशी कंपन्यांच्या अपयशातून. म्हणून उदाहरणे तिकडची आहेत, याबद्दल वाचकांनी रागावू नये.

डेटाबेसबद्दल दोन शब्द आधीच सांगायला हवेत, कारण नवखा माणूस इथे हमखास फसतो. पुढचे सर्व्हर पटापट वाढवता येतात, कारण ते एकमेकांसारखेच असतात आणि स्वतःजवळ काही ठेवत नाहीत. मागचा डेटाबेस तसा वाढत नाही. शेतकऱ्याची नोंद एकाच जागी खरी असावी लागते. पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस मूळ मांडणीत एका वेळी १०० जोडण्या स्वीकारतो. चार सर्व्हर प्रत्येकी वीस जोडण्या धरून बसले असतील तर ऐंशी झाल्या, ठीक चालले आहे. गर्दी वाढली, अलर्ट आला, ऑटोस्केलरने चाराचे आठ केले. मागणी एकशे साठ जोडण्यांची झाली आणि डेटाबेसने दार लावले. आता आधी चालणारेही चालेनात. मदतीला पाठवलेल्यांनीच घर पाडले, आणि अलर्टच्या पडद्यावर मात्र सर्व्हर वाढवल्याची हिरवी खूण.

यात सेवा केंद्रावरच्या ऑपरेटरचाही वाटा असतो, आणि तो त्याचा दोष नाही. पान उघडत नाही म्हटल्यावर तो पुन्हा दाबतो, दुसऱ्या खिडकीत उघडतो, शेजारच्या मोबाइलवरही लावून पाहतो. एका अर्जाच्या जागी पाच विनंत्या जातात. जिथे यंत्रणा अडखळते तिथेच भार पाचपट होतो. ॲप लिहिणाऱ्याने पुन्हा प्रयत्न करण्यात अंतर ठेवावे, दर वेळी ते दुप्पट करावे आणि त्यात थोडा विस्कळीतपणा मिसळावा, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येत नाहीत, हा उपाय जुना आणि स्वस्त आहे. अनुभवी ऑपरेटरांनी स्वतःचा उपाय शोधलेला असतोच: कागद ठेवून जा, रात्री दोन वाजता भरून टाकतो. पुस्तकी भाषेत याला भाराचे कालांतरण म्हणता येईल. ऑपरेटरची झोप या हिशेबात कुणी धरत नाही.

कमी करण्याबद्दल लोक वाढवण्याइतके बोलत नाहीत. रिकामा सर्व्हर फुकट बसतो असे वाटते, पण तसे नाही. गूगलचे बारोसो आणि हॉल्झल यांनी २००७मध्ये दाखवून दिले की त्या काळचे सर्व्हर काहीही काम न करता पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज खातात, आणि बहुतेक वेळ ते क्षमतेच्या दहा ते पन्नास टक्क्यांतच राबत असतात. आता यंत्रे सुधारली आहेत, पण रिकामे बसण्याची वीज शून्यावर आलेली नाही. नवी मुंबईच्या एखाद्या सभागृहात निकालाच्या दिवसासाठी वर्षभर ताटकळत ठेवलेली यंत्रे ज्या ग्रीडवर चालतात, त्याच ग्रीडला भंडाऱ्याशेजारचे मौद्याचे औष्णिक केंद्र वीज देते, आणि मौद्याला पाणी गोसेखुर्दचे जाते. धागा लांबचा आहे, पण तुटलेला नाही. म्हणून गरज संपल्यावर यंत्रे परत करणे हा काटकसरीचा बारीकसारीक मुद्दा समजू नये. त्याचबरोबर वाढीला कमाल मर्यादा घालायलाही विसरू नये. अलर्टला गर्दी आणि हल्ला यांतला फरक कळत नाही. कुणी खोट्या विनंत्यांचा मारा केला, किंवा आपल्याच प्रोग्राममध्ये न संपणारे चक्र राहून गेले, तर ऑटोस्केलर प्रामाणिकपणे सर्व्हर वाढवत राहील आणि महिन्याअखेर बिल येईल.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. वीज, थंडावा, जनरेटर यांची डेटा सेंटरमधली व्यवस्था इथे घेतलेली नाही; तो वेगळा आणि मोठा विषय आहे. कोणत्या कंपनीची सेवा घ्यावी याचा सल्ला नाही. पुढची गर्दी ओळखणाऱ्या यंत्रशिक्षणावर एकच प्रकरण आहे, तेही राखून लिहिलेले, कारण ज्या गर्दीची तारीख राजपत्रात छापलेली असते तिचा अंदाज बांधायला मॉडेल लावणे मला थोडे हास्यास्पद वाटते.

सराव करायला महागडे काही लागत नाही. आठ जीबी स्मृतीचा जुना लॅपटॉप, त्यावर कुबरनेटीस चालवणारे मिनीक्यूब, आणि विनंत्यांचा मारा करणारा एक छोटा प्रोग्राम पुरतो. बहुतेक जण आधी भार वाढवून पॉड वाढताना पाहतात आणि खूश होऊन थांबतात. माझी सूचना अशी की दहावे प्रकरण आधी काढावे. त्यात भार कायम ठेवून मोजमापच अर्धवट बंद करायचे आहे, म्हणजे काही पॉडांचे आकडे येतात आणि काहींचे येत नाहीत. अशा वेळी कुबरनेटीस कमी करायचा प्रश्न आला तर न दिसणारा पॉड ठरवलेल्या मर्यादेइतका राबतो आहे असे धरते, आणि वाढवायचा प्रश्न आला तर तोच पॉड शून्यावर आहे असे धरते. दोन्हीकडून ती हात आखडता घेते. तसे का, हे स्वतः कागदावर मांडून पाहा, मग काही पॉडांचे आकडे लपवा, आणि ती किती वाढवेल याचे उत्तर लॅपटॉपच्या आधी काढायचा प्रयत्न करा.